वस्तीची बॅग

महादू कंडक्टरच्या बॅगेला हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती. बॅग म्हणजे काही मोठी चीज नव्हे. खाकी कॅनव्हासची, चेन दोनदा बदललेली, पट्ट्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. पण एसटीतली बत्तीस वर्षं त्याने काढली, त्यातली निम्मी वस्तीच्या गाड्यांवर. संध्याकाळी मालवणहून निघायचं, कुठल्यातरी टोकाच्या गावात गाडी लावून तिच्यातच झोपायचं आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत यायचं. असल्या मुक्कामाला चादर विसरली तर थंडीत कुडकुडायचं आणि पेला विसरला तर ओंजळीने पाणी प्यायचं. म्हणून त्याने बॅग भरायची स्वतःची एक रीत बसवली होती. ती तो ऐकणाऱ्याला ऐकवीच, न ऐकणाऱ्यालाही ऐकवी.

रीत अशी, की वस्तू घड्याळाच्या उलट भरायच्या. पहाटे घालायचा धुतलेला शर्ट तळाला. त्यावर दाढीचं सामान, त्यावर चादर, त्यावर बॅटरी, मग स्टीलचा पेला, पंचा आणि सगळ्यात वर लुंगी, कारण मुक्कामाला पोचल्यावर माणूस आधी पँट सोडतो. बॅगेत हात घातला की किती वाजले ते कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण मसुऱ्याला बहिणीकडे एका रात्रीसाठी जायचं असलं तरी बॅग याच क्रमाने भरली जाई.

त्याची बायको शेवंती हिला मात्र रीत म्हणून नव्हती. जुनं लुगडं अंगणात पसरायचं, समोर येईल ते त्यात टाकायचं आणि चार टोकांची गाठ मारायची. तिचं ते बोचकं पाहिलं की महादूच्या जिभेला खाज सुटे. घरालाच चाकं लावून देतो, एवढा पसारा नेतेस तर भिंती तरी मागे कशाला ठेवतेस, असं काहीबाही तो बोलायचा आणि ती हसून घ्यायची. खरं सांगायचं तर त्या बोचक्यातून हवी ती वस्तू मिळाली नाही असं आजवर झालं नव्हतं. बहिणीच्या नातवाचा कान ठणकला, तर कानाचं औषध निघालं. लग्नात कोणा परक्या बाईची चप्पल तुटली, तर पिन निघाली. महादू याला योगायोग म्हणे. ती घड्याळ बघून भरत नाही, माणसं आठवून भरते, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. यायला हवं होतं, पण चाळीस वर्षं शेजारी असलेल्या माणसाकडे कोण एवढं निरखून बघतो.

यंदा आचऱ्याला गावपळण आली. चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं जातात, गुरं जातात, कुत्री, मांजरं, कोंबड्या सगळी जातात. मागे जिवंत काही ठेवायचं नाही. आणि एकदा बाहेर पडलं की सुई आणायलासुद्धा घरात परतायचं नाही. चौथ्या दिवशी मानकरी देवाला विचारतात. उजवा कौल मिळाला तर घरी, डावा मिळाला तर मुक्काम वाढला. म्हणजे सामान भरणाऱ्याची याहून कडक परीक्षा नाही, आणि महादू दर वेळी या परीक्षेला ताठ मानेने बसत आला होता.

यंदा तो घाबरला होता. हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. वर्षभरात त्याचं डोकं मधूनच कोरं होऊ लागलं होतं. सत्यवानाच्या दुकानात जाऊन उभा राहिला आणि काय घ्यायला आलो ते आठवेना, हे एकदा. असं कोणाचंही होतं म्हणून त्याने सोडून दिलं. पण आंगणेवाडीच्या जत्रेत स्कूटर कुठे लावली ते विसरला आणि दोन तास उन्हात फिरला, तेव्हा ते सोडून देता येईना. घरी येऊन त्याने शेवंतीला पंक्चरची थाप मारली. पुण्याचा मुलगा, मंगेश, दर फोनवर म्हणायचाच की आता दोघंही इकडे या. त्याच्या कानावर हे गेलं असतं तर तो गाडी घेऊनच आला असता. तीन दिवसांची गावपळण महादूला मान्य होती, कायमची नव्हती. म्हणून त्याने मनाशी ठरवलं, की या खेपेला काही विसरलं नाही तर आपलं डोकं ठीक आहे आणि विषय मिटला.

बॅग त्याने तीनदा भरली, तीनदा रिकामी केली. टिप्या कुत्रा आणि कोंबड्या हीदेखील त्याचीच जबाबदारी. निघायच्या दिवशी दुपारी देवळातली नौबत झाली तेव्हा टिप्याच्या गळ्यात दोरी होती, कोंबड्या टोपलीत होत्या, बॅग खांद्याला होती. कोंबड्या त्याने मोजल्या. सात. बरोबर. दाराला कुलूप घालून तो रस्त्यावर आला आणि त्याला हायसं वाटलं.

तेवढ्यात शेवंती काही राहिलं म्हणून परसात गेली. दर वेळचंच हे. शेजारची सलमा आणि तिचा नवरा फकरुद्दीन टेम्पो सुरू करून थांबलेले, आणि ही बाई पदराने झाकलेली आणखी एक टोपली घेऊन परसातून येतेय. महादूने सगळ्यांदेखत तिची टर उडवली. आता माडही उपटून घे म्हणाला. टोपली तिने सलमाच्या हातात दिली आणि टेम्पोत चढली.

पहिला दिवस मजेत गेला. माळावर माडाच्या झावळ्यांच्या राहुट्या, शंभर चुलींचा धूर, कुठे भजन, कुठे पत्ते. महादूने संध्याकाळी बॅग उघडली. लुंगी, पंचा, पेला, बॅटरी, सगळं जागच्या जागी. शेजारच्या राहुटीतल्या बाबू सुताराला बोलावून त्याने रीत समजावून सांगितली. बाबूने ती चार वर्षांपूर्वीही ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फकरुद्दीनकडे तंबाखू मळत बसला होता. आतल्या बाजूने, गोणपाटाच्या पडद्यामागून, कोंबडीचा आवाज आला. अंड्यांवर बसलेली कोंबडी कोणी जवळ गेलं की कुरकुरते तसा, हलका, रागाचा. महादूचा हात थांबला. त्याला आपली तांबडी आठवली.

कोंबड्या आठ होत्या. तांबडी रवणीला बसली होती, नऊ अंड्यांवर. निघायच्या आदल्या दिवशी ती इकडेतिकडे उठून जाऊ नये म्हणून त्यानेच तिच्यावर लाकडांच्या खोपीत बांबूचं डालगं पालथं घातलं होतं, वर दगड ठेवला होता. सकाळी अंड्यांसकट उचलून न्यायची असं ठरवलं होतं. सकाळी ती त्याच्या डोक्यातून अशी पुसली गेली होती की सात मोजून त्याने बरोबर म्हटलं. कोंबडी विसरली याचं त्याला तितकं नाही लागलं. सात म्हणताना मनात जरासुद्धा शंका आली नाही, याने तो हादरला.

तंबाखू तशीच टाकून तो उठला आणि वेशीकडे चालत गेला. गाव समोर होता. कुठे धूर नाही, भुंकणं नाही. घर पंधरा मिनिटांवर. पण जायचं नाही म्हणजे नाही, आणि गेला असता तर कशासाठी गेलास हे सांगावं लागलं असतं. कोंबडीला पाणी नाही, दाणा नाही, वर दगड. त्याने हिशेब केला, तीन दिवस कदाचित निघतील. पण गावात एक जीव मागे राहिला होता, आणि तो त्याने ठेवला होता. देवासमोर त्याची बाजू मांडायला एक शब्दही नव्हता. तो परत आला.

पुढचा दीड दिवस त्याने कसा काढला ते त्याचं त्यालाच माहीत. जेवणावर वासना नव्हती. शेवंतीने दोनदा विचारलं, त्याने पित्त झालंय म्हणून सांगितलं. बोचक्यातून लगेच आमसुलं निघाली. ती त्याने मुकाट्याने पाण्यात कोळून प्यायली.

चौथ्या दिवशी मानकरी कौल घ्यायला गेले. लोकांनी आवराआवर केली होती. परत आलेल्यांनी लांबूनच हात हलवले. डावा. आणखी एक दिवस. पोरं खूश झाली, बायांनी बांधलेली बोचकी पुन्हा सोडली. बाबू सुतार विडी पेटवत सहज बोलून गेला, "कोणाचा तरी काय तरी थंय रवला आसतला. देव उगीच अडवणा नाय."

महादूला ते सोसलं नाही. शेवंती राहुटीच्या मागे बांगडे साफ करत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"माझ्यामुळा झाला ह्या," तो म्हणाला. "तांबडी घराकडे रवली. मीच डालग्याखाली झाकून ठेवलंय आणि इसारलंय. सात मोजलंय गो. माका सातच वाटली."

शेवंतीने हातातला बांगडा खाली ठेवला. राखेने हात चोळले, धुतले, पदराला पुसले. मग चल म्हणून खूण करून ती त्याला फकरुद्दीनच्या राहुटीत घेऊन गेली. सलमा भाकऱ्या थापत होती. तिने वर पाहिलं आणि काही न विचारता गोणपाट बाजूला केलं. भाताच्या कोंड्याने भरलेल्या टोपलीत तांबडी बसली होती. महादूला बघून तिने तोच परवाचा कुरकुरण्याचा आवाज काढला. पोटाखालून एक ओलं, पिवळं पिल्लू डोकं काढून बघत होतं.

"तुमच्याकडे टिप्या आसा," सलमा म्हणाली, "म्हणान वयनीन हय ठेवल्यान. माका वाटला तुमका म्हायत आसा."

ती टोपली. पदराने झाकलेली, जिच्यावरून त्याने रस्त्यात सगळ्यांना हसवलं होतं. महादूला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. सलमा भाकरीकडे बघत राहिली.

राहुटीत परतल्यावर शेवंतीने बोचकं ओढलं आणि गाठ सोडली. तिने एकेक वस्तू बाहेर काढून चटईवर ठेवल्या. एक लुंगी. एक पंचा. स्टीलचा पेला. बॅटरी, नव्या सेलची. चादर. दाढीचा ब्रश. धुतलेला शर्ट. महादूच्या बॅगेत होतं ते सगळं, दुसरं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"जत्रेपासून. पंक्चर म्हणालात. दुसऱ्या दिवशी मंगेशचो दोस्त स्कूटर घेवन गेलो, ठिगळ बघूक चाक खोलल्यान आणि सांगितल्यान, ट्यूबाक ठिगळ एक पण नाय."

म्हणजे दहा महिने. मसुऱ्याच्या मुक्कामाला, कुडाळच्या लग्नाला, सगळीकडे ती त्याच्या मागोमाग त्याचं अख्खं सामान दुसऱ्यांदा वाहत होती, आणि तो तिच्या बोचक्याच्या आकाराला हसत होता. त्याला शरम वाटली. आणि शरमेच्या खाली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्याला हलकंही वाटलं.

मंगेशला सांगितलंस का, असं त्याने विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. कोणालाच सांगितलं नव्हतं, सलमालासुद्धा नाही. तुमचं तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते, म्हणाली. मग वस्तू पुन्हा लुगड्यात टाकता टाकता ती थांबली.

"पण माका आता जमणा नाय. मी तुमच्या मागसून किती दिस भरीत रवू? पुढ्यात बसान भरतलंय."

कुडाळला कोणी डॉक्टर आहे का ते बघूया, महादू म्हणाला. मंगेशला त्यानंतर सांगू.

दुसऱ्या दिवशी कौल उजवा झाला. माळावर एकच गडबड उडाली. फकरुद्दीनने टेम्पो आणला, तांबडीची टोपली सगळ्यांत आधी चढली, आता तिच्यात सहा पिल्लं होती. आठ, आणि सहा. महादूने मोठ्याने मोजलं, शेवंतीला ऐकू जाईल असं.

मग तो बॅग भरायला बसला. शर्ट, दाढीचं सामान, चादर. क्रम चुकला नाही. पेला, पंचा, सगळ्यात वर लुंगी. चेनीला हात लावला आणि काढून घेतला. शेवंती पलीकडे लुगड्याची टोकं जुळवत होती. त्याने उघडी बॅग चटईवरून सरकवत तिच्या गुडघ्याला लावली.

"बघ गो," तो म्हणाला. "काय रवला काय."

तिने आत हात घातला. लुंगीखाली पंचा, पंच्याखाली पेला, पेल्याखाली थेट चादर. हात तिने बाहेर काढला, उठली, राहुटीच्या मेढीला खिळ्यावर लटकत असलेली बॅटरी काढली आणि पेल्याच्या खाली, चादरीच्या वर, तिच्या जागी ठेवली. चेन महादूने लावली.