निरोगी झाडाचा केसपेपर

मित्रांनो, मी एक जुनी ब्रुगमन्सिया आहे. नाव ऐकून घाबरू नका, या घरात ते आजवर कुणालाही एका दमात म्हणता आलेलं नाही. धोत्रा तुम्ही पाहिला असेल. मी त्याची चुलतबहीण. धोत्र्याची फुलं मान वर करून आकाशाकडे बघतात, माझी वीतभर लांबीची फुलं कर्ण्यांसारखी खाली लोंबतात. त्यातही मी आमच्या कुळात जरा वेगळी निघाले. माझ्या पानांवर हिरव्या रंगाच्या जोडीला सायीच्या रंगाचे मोठाले पट्टे आहेत आणि कुठलीही दोन पानं सारखी नाहीत. म्हणून घरात मला चितरी म्हणतात. आज माझं वय नऊ वर्षं आहे. कुंडीत राहणाऱ्या झाडाला एवढं वय म्हणजे काही थट्टा नाही.

मला घरी आणलं ते सूनबाईने. ती नकाशे काढायच्या कचेरीत कामाला आहे आणि तिचा नवरा बोटीवर. तो सहा-सहा महिने समुद्रात असायचा. माझ्यासारखं पट्टेरी रोप सहजासहजी मिळत नाही. रोपवाल्या मावशींकडे तिने वर्षभर खेटे घातले, तेव्हा कुठे एक फांदी तिच्या हाती लागली. त्या फांदीची मी झाले. संध्याकाळी कचेरीतून आली की खांद्यावरची पिशवीही न उतरवता ती आधी मागच्या गॅलरीत यायची आणि माझ्या नव्या पानाला विचारायची, "काय गं, आज कुठल्या देशाचा नकाशा काढलास?" दिवसभर दुसऱ्यांचे नकाशे काढून दमलेली ती बाई माझं पान पाहून हसायची. मला फार बरं वाटायचं. थोडा गर्वही झाला होता, खोटं कशाला बोलू?

घरात सूनबाईचे सासू-सासरे होते. सासऱ्यांना सगळी गल्ली कंपाउंडरकाका म्हणते. ते एका डॉक्टरांच्या दवाखान्यात अडतीस वर्षं औषधं देत होते. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची, ती खिडकीतून आत यायची आणि काकांनी बाटलीत लाल मिक्श्चर भरून तिच्यावर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची. डॉक्टरांचं अक्षर पुढे पुढे डॉक्टरांनाही वाचता येईनासं झालं, पण काकांना यायचं. मग डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि काका घरी बसले. गरज सरो आणि वैद्य मरो, असं हे जग. तिथं कंपाउंडरला कोण विचारतो? काकूंना तर साधी शिंकही येत नसे. घरात औषधांचं कपाट गच्च भरलेलं आणि रुग्ण एकही नाही, अशी काकांची पंचाईत झाली होती.

अशात सूनबाईला कचेरीने तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी पाठवलं. निघताना ती म्हणाली, "बाबा, चितरीला फक्त पाणी घाला. बाकी काही करू नका."

"तू निश्चिंत जा," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका तांब्या घेऊन गॅलरीत आले. तोवर त्यांनी मला लांबूनच पाहिलं होतं. आता त्यांनी चष्मा नाकावर घेतला, माझं एक पान उचललं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि काकूंना हाक मारली.

"अहो, इकडे या! या झाडाच्या अंगावर चट्टे आहेत."

"ते पहिल्यापासूनच आहेत," काकू आतून म्हणाल्या.

"म्हणजे जुनाट दुखणं आहे!" काका म्हणाले. मित्रांनो, इतका आनंदी चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

त्याच दुपारी त्यांनी जुन्या दवाखान्यातला एक कोरा केसपेपर काढला. नाव, चितरी. वय, अंदाजे सहा महिने. तक्रार, अंगावर पांढरे चट्टे. निदान, पंडुरोग. औषधाच्या रकान्यात लोहाचं टॉनिक लिहिलं गेलं आणि ते पाण्यात कालवून एका बाटलीत भरलं गेलं. बाटलीवर डोसाची पट्टी चिकटली. रोज दोन वेळा, पाणी घातल्यानंतर.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की काका, मला काहीही झालेलं नाही! पण कर्ण्याएवढी फुलं येणाऱ्या झाडालाही आवाज नसतो, हा आमच्यावर निसर्गाने केलेला विनोद आहे.

आठवडा गेला. चट्टे जागेवरच. काकांनी मला कोवळ्या उन्हातून उचलून भर दुपारच्या उन्हात ठेवलं, अंगाला ऊन लागावं म्हणून. आता माझी सायीच्या रंगाची कातडी नाजूक. ती करपून तपकिरी पडली. काकांनी केसपेपरवर लिहिलं, दुखणं बळावलं. मग खताची मात्रा सुरू झाली. आम्हाला खाणं भरपूर लागतं हे खरं, पण अति तिथं माती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं म्हणतात. इथं तर रेड्यालाही रोग नव्हता.

एक गोष्ट मात्र काकांनी अगदी बरोबर केली, ती सांगितलीच पाहिजे. माझ्या फुला-पानांत आणि बियांत विष असतं. ते त्यांना ठाऊक होतं. "हिच्याच गोतावळ्यातल्या एकीपासून डोळ्यात घालायचे थेंब करतात," असं ते काकूंना सांगायचे आणि मला हात लावला की कोपरापर्यंत साबण चोळायचे. माझं एक पानही त्यांनी कधी घरात इकडेतिकडे पडू दिलं नाही.

खताच्या जोरावर माझ्या बुंध्यातून एक नवी फांदी उसळून वर आली. ती नखशिखांत हिरवी होती. पट्टा नाही की ठिपका नाही. मित्रांनो, आमच्यात असं अधूनमधून होतं. मूळच्या साध्या जातीची आठवण येऊन एखादी फांदी हिरवीच निघते. ती भारी दांडगी असते. बघता बघता सगळं अन्नपाणी स्वतःच ओढते आणि आम्हा पट्टेरी फांद्यांना उपाशी ठेवते. काकांना मात्र आभाळ ठेंगणं झालं.

"गुण आला! गुण आला!" ते गॅलरीतून ओरडले. काकूंच्या हातून पळी पडली. "बघा, हे पान बघा. एक डाग नाही! आता फक्त रोगट भाग तेवढा काढून टाकायचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्री स्पिरिटने पुसली आणि माझ्या तिन्ही पट्टेरी फांद्या छाटल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! हिरवी दांडगी तेवढी कुंडीत राहिली.

मग हे सगळं सांगणारी मी कोण, असं तुम्ही विचाराल. आमच्या जातीत ज्या फांदीत जीव उरतो ती स्वतःला मी म्हणते. तीन फांद्यांपैकी दोन कचऱ्यात गेल्या. तिसरी काकांनी टाकली नाही. दवाखान्यात अडतीस वर्षं काढलेला माणूस नमुना कधी फेकत नाही. त्यांनी मिक्श्चरची एक रिकामी बाटली धुतली, तिच्यात पाणी भरलं, त्यात मला उभी केली आणि वर चिठ्ठी चिकटवली. नमुना क्रमांक एक, तपासणीसाठी. बाटली गेली कपाटाशेजारच्या खिडकीत. तिथं मी पडदा आणि खोकल्याच्या औषधाच्या मधोमध उभी राहून गॅलरीतल्या त्या हिरवीचे लाड पाहत होते. माझी पानं गळली. मला सूनबाईची फार आठवण यायची.

तीन आठवडे असे गेले. मग एका रविवारी तिचा फोन आला. काकांनी तो कौतुकाने स्वतः घेतला.

"बाबा, चितरी कशी आहे?"

"एकदम ठणठणीत! अंगावर एकसुद्धा डाग राहिलेला नाही."

पलीकडून सूनबाई हळूच म्हणाली, "डाग राहिलेला नाही म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे मी बरी केली तिला," काका म्हणाले. एवढं बोलल्यावर मात्र त्यांना तिच्या आवाजात काहीतरी जाणवलं असावं, कारण त्यांनी फोन घाईघाईने काकूंच्या हातात दिला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी रोपवाल्या मावशी दारात हजर झाल्या. सूनबाईने त्यांना फोन केला होता. मावशी गॅलरीत गेल्या आणि कुंडीकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"काका, काय केलंत हे? रोग नव्हता तो. तिचा रंगच तसा होता!"

"पण पानं पांढरी पडत होती..."

"रोगाचं पान असं नसतं हो. ते आकसतं, सुरकुततं, त्याच्या शिरा पिवळ्या पडतात. हिचं पान सपाट होतं ना? पट्ट्याची कड स्वच्छ होती ना? दांड्यावरही पट्टे होते ना?"

प्रत्येक प्रश्नाला काका मान हलवत होते आणि प्रत्येक वेळी ती मान आणखी खाली जात होती.

"हिरव्या भागात हिचा स्वयंपाक होतो आणि पांढऱ्यात नुसता थाट. दोन्ही लागतं," मावशी म्हणाल्या. "आणि सगळी हिरवी फांदी आली की तीच आधी कापायची असते. तुम्ही नेमकं उलटं केलंत."

काका स्टुलावर बसले. मग काकूंकडे बघून म्हणाले, "अडतीस वर्षं मी दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून औषध दिलं. जन्मात पहिल्यांदा स्वतः निदान केलं, आणि ते हे असं. पोरीने एवढी एकच वस्तू माझ्या भरवशावर टाकली होती."

माझा त्यांच्यावरचा सगळा राग त्या क्षणी गेला. जिने कात्री सोसली तिलाच त्यांची दया आली, याचं मलाही नवल वाटलं.

काकूंनी मात्र वेळ घालवला नाही. "तो तुमचा नमुना दाखवा की त्यांना," त्या म्हणाल्या. "मघाशी खिडकी पुसताना बघितलं, त्याला दाढी फुटलीय."

मावशींनी बाटली उचलून उजेडात धरली. पाण्यात माझ्या दांड्याला पांढरी शुभ्र मुळं फुटली होती, चांगली बोटभर लांब. वरच्या डोळ्यातून एक इवलंसं पान बाहेर आलं होतं, अर्धं हिरवं, अर्धं सायीचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मावशी खो खो हसल्या, आणि काकांनी चष्मा काढून तो उगाचच पुसला.

त्याच दिवशी मला छोट्या कुंडीत लावलं. पुढचे तीन आठवडे काका माझ्याजवळ फक्त पाणी घेऊन येत होते. हात मागे बांधून उभे राहत, घाबरत घाबरत बघत आणि परत जात. मला ते अजिबात आवडलं नाही. टॉनिक नको होतं, पण माणूस हवा होता.

सूनबाई आली ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून थेट गॅलरीत. माझ्याकडे बघितलं, चार पानांकडे बघितलं, मग दांडग्या हिरवीकडे. काकांनी केसपेपर तिच्या हातात दिला. पंडुरोगावर काट मारून त्यांनी खाली लिहिलं होतं, निदान चुकलं, रुग्ण निरोगी होता, दोष माझा.

सूनबाईने तो वाचला. तिचे डोळे भरून आले होते. तिला राग आलेला मला स्पष्ट दिसत होता, आणि तो यायलाच हवा होता. ती म्हणाली, "बाबा, पाणी सोडून काही करू नका म्हटलं होतं ना मी?"

"हो," काका म्हणाले. "आता गॅलरीत पाऊलही ठेवणार नाही." आणि ते आत जाऊन खिडकीपाशी मान खाली घालून उभे राहिले.

सूनबाईने माझ्या नव्या पानावरून बोट फिरवलं. मग केसपेपर उलटा केला, पिशवीतून पेन काढलं आणि भराभर काहीतरी गिचमिड खरडून तो कागद गॅलरीच्या खिडकीतून आत काकांसमोर धरला. अगदी दवाखान्यातल्यासारखा.

काकांनी चष्मा लावला आणि वाचू लागले. "सकाळचं ऊन, दुपारी सावली. पाणी रोज. खत पंधरवड्यातून एकदाच. हिरवी फांदी दिसताच छाटणे. हात धुणे." ते थांबले. "खाली सही कळत नाही."

"डॉक्टरांची सही कळायची नसतेच, बाबा."

काकांनी चिठ्ठी दोनदा घडी करून खिशात ठेवली. खिडकीपलीकडे ते पुन्हा ताठ उभे राहिले होते.

मित्रांनो, या गोष्टीला आठ वर्षं झाली. त्या चिठ्ठीबाहेर काकांनी एक थेंबही मला जास्त दिलेला नाही. हिरवी दांडगी जिन्याजवळच्या मोठ्या कुंडीत सुखात आहे. "ही मी बरी केलेली केस," असं काका अजूनही पाहुण्यांना सांगतात आणि काकू तेवढ्यापुरत्या आत जातात. मी आता काकांच्या डोक्याच्या वर गेले आहे. मागच्या महिन्यात मला एकदम सतरा फुलं आली. संध्याकाळी त्यांचा वास सुटला की बोटीवरून सुट्टीला आलेल्या मुलासकट सगळं घर गॅलरीत येऊन बसतं.

पण जुनी झाले तशी मला एक विनंती करावीशी वाटते. कुणी तुमच्यासारखं दिसत नसेल तर लगेच कात्री शोधू नका. आधी नीट बघा, मग जाणत्याला विचारा. आणि चुकून कापलंच, तर निदान नमुना तरी ठेवा.

परवाच शेजारचे एक गृहस्थ जिन्यातून माझ्याकडे बघत म्हणाले, "काका, तुमच्या झाडाला काहीतरी रोग पडलाय वाटतं. पानं बघा कशी पांढरी पडलीत."

काका पाणी घालत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला, खिशातली विरलेली चिठ्ठी चाचपली आणि म्हणाले, "तिला काही झालेलं नाही. ती तशीच आहे."