पांढरा की निळा?

मी झेंडा बोलतोय. देशाबिशाचा नव्हे, शिकागोच्या उत्तर भागातल्या एका जुन्या बेसबॉल मैदानाचा. मी पांढरा, विजयाचा. माझा जोडीदार निळा, पराभवाचा. सामना संपला की मैदानाची देखभाल करणारा ऑटो ब्रांडल आमच्यापैकी एकाला धावफलकावरच्या काठीवर चढवायचा. मैदानाला लागून उंच पुलावरून आगगाडी जाते. कामावरून घरी निघालेल्यांना निकाल आम्हीच सांगायचो.

त्या गाडीची गार्ड ब्रोन्या पिटेल. वळण जवळ आलं की डब्यातून हाक यायची, "ब्रोन्याबाई, आज पांढरा की निळा?"

"डोळे घरी ठेवून आलात का? बघा की खिडकीतून!" असं म्हणून शेवटी तीच ओरडून सांगायची. मी दिसलो की अनोळखी माणसं एकमेकांच्या पाठीत धपाटे घालायची. तेवढ्यासाठीच मी जगलो.

मग मैदानाच्या मालकांना रात्रीच्या सामन्यांचे डोहाळे लागले. मैदानातच लोकांची सभा भरली. ब्रोन्या उठली. "उजेडात खेळायला काय काटे टोचतात?"

मागून ओतकामाच्या कारखान्यातला क्लीओफस टेट उठला. "बाई, दिवसा मी भट्टीपुढे असतो. पोरीला एक सामना दाखवीन म्हणत होतो. पोरगी लग्नाला आली!"

सभा हसली. ब्रोन्याही हसली आणि खाली बसली. टेटचं म्हणणं खरंच होतं. मालकांनी लगेच त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. म्हणे, अशा कष्टकऱ्यांसाठीच दिवे लावतोय!

दिवे लागले. बसायच्या जागा बड्या कंपन्यांच्या पाहुण्यांनी आधीच अडवल्या होत्या. टेटला तिकीट मिळालं नाही. फाटकावर त्याचा फोटो मात्र हा मोठा! मला किळस येते ती याची, रात्रीची नव्हे. दुसऱ्याच्या खऱ्या गरजेची काठी करायची आणि तिच्यावर आपला झेंडा फडकवायचा.

त्या पहिल्या रात्री आमचा संघ जिंकला. पण सगळ्या दिव्यांची तोंडं मैदानाकडे; काठीवर मिट्ट काळोख. ऑटोने पेटीत चाचपून हाताला लागला तो झेंडा चढवला. निळा! हजारो माणसं घरी गेली, एकानेही हटकलं नाही.

सकाळी गाडी वळणावर आली. ब्रोन्या सवयीने ओरडली, "हरले रे!"

कामावर निघालेला टेट डब्यातच होता. "नाही हो बाई, जिंकले. मी रेडिओवर ऐकलं."

"मग झेंडा खोटं बोलतो?"

पुढचं स्टेशन आल्यावर ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून मला विचारू नका."

आता मी पेटीत घडी होऊन पडलोय. काठीवर जाहिरात लागली आहे, दिव्यासकट. मालक, खेळा रात्री. पण टेटला आणि त्याच्या पोरीला आत घ्या. आणि जिंकलात तर सकाळी, उजेडात, मला वर चढवा. ब्रोन्या आता काही सांगत नाही. पण ऑटो म्हणतो, वळण आलं की तिची मान अजून काठीकडे वळते.