देवाशी बोलताना मध्ये बोलायचं नाही

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. इस्त्रीचं दुकान आहे माझं. दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि वर गिऱ्हाइकाने म्हणायचं, कॉलर नीट झाली नाही. राग येणार नाही तर काय होणार? पण आमच्या घरात रोज एक वेळ अशी येते, की मला तोंड उघडायची सोय नसते. ती सासऱ्यांनी घालून दिलेली आहे. सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो.

दुकान बंद केलं की जेवणाआधी आम्ही चौघं प्रार्थनेला बसतो. नाना, आमचे हे, लेक आणि मी. नेहमीची प्रार्थना म्हणून झाली की प्रत्येकाने आपल्या मनातलं देवाशी मोठ्याने बोलायचं. नानांचा नियम असा, की त्यात कुणी मध्ये तोंड घालायचं नाही आणि त्यावरून नंतरही रागवायचं नाही. "ते तुला सांगितलंच नव्हतं," नाना म्हणतात, "मग तुला राग कसला?" ह्या नियमाचा ह्यांनी जो फायदा घेतलाय तो विचारू नका. "देवा, आज माझ्या हातून नवी बरणी फुटली, क्षमा कर," असं हे डोळे मिटून म्हणतात आणि मी शेजारी मूग गिळून बसते.

लेक सातवीत आहे. एकदा सुरू झाली की थांबत नाही, म्हणून नाना तिला रेडिओ म्हणतात. माझा जुना फोन तिला अभ्यासाला दिला, तेव्हा कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडून त्याला झाडून सगळी कुलपं लावून घेतली. खेळ बंद, व्हिडिओ बंद, अनोळखी माणसाचे फोन बंद. एकच दार उघडं ठेवलं, ते म्हणजे आमच्या प्रार्थनामंडळाचा मुलांचा ग्रुप. देवाच्या नावाचा ग्रुप, तिथे कसली आलीय भीती? त्यात एक ताई होती. फोटोच्या जागी पेटता दिवा. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तिची प्रार्थना यायची. "बघ, किती नेमाची आहे. शीक जरा," असं मीच लेकीला सांगायचे.

गेल्या महिन्यात रेडिओ बंद पडला. जेवण अर्धवट, फोन पालथा, आणि प्रार्थनेत तिची पाळी आली की "देवा, सगळ्यांना सुखी ठेव" एवढंच. मी चिडायचे. तोंडात काय धरून बसलीयस, म्हणून विचारायचे. ती आणखीच गप्प व्हायची. हे म्हणाले, वय आहे, सोडून दे.

मग एके संध्याकाळी नानांनी त्यांच्या गुडघ्याचं गाऱ्हाणं देवापुढे मांडलं, ह्यांनी बढती मागितली आणि लेकीची पाळी आली. तिने डोळे घट्ट मिटले. मग एका दमात म्हणाली, "देवा, ग्रुपमधली ती ताई मला वेगळे मेसेज करते. म्हणाली, ही आपल्या दोघींची गुपचूप प्रार्थना, घरी सांगायचं नाही. मी तिला लिहिलं की आई सारखी ओरडते, मला कधीकधी आवडतच नाही ती. मग तिने माझा साधा फोटो मागितला. मी दिला. आता ती आणखी मागतेय. तसले फोटो मला नाही द्यायचे. नाही दिले तर उद्या मी लिहिलेलं सगळं आईला दाखवणार म्हणते. देवा, आईला कळू देऊ नकोस."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या ताईवर, स्वतःवर, आणि खरं सांगायचं तर पोरीवरही. फोटो दिलासच कशाला, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ती खांदे आवळून बसली होती, आता ओरडा बसणार म्हणून. त्या ताईच्या हातात ह्या भीतीशिवाय दुसरं काही नव्हतंच. माझ्या रागाच्या जोरावरच ती माझ्या लेकीला धमकावत होती. मी आत्ता ओरडले असते, तर पोर पुन्हा तिच्याकडेच गेली असती.

नानांनी डोळे उघडले नाहीत. "सूनबाई, तुझी पाळी," एवढंच म्हणाले.

"देवा," मी म्हटलं, "मी ओरडते, हे खरं आहे. मी हिला कधीकधी आवडत नाही, हेही आज कळलं. म्हणजे आता त्या बाईजवळ मला दाखवण्यासारखं काही उरलं नाही. माझी पोर बोलली. तुझे फार उपकार झाले." लेक माझ्या मांडीत डोकं खुपसून रडत होती. शेवटची प्रार्थना नानांनी एकट्यानेच म्हटली.

आम्ही फोनमधलं काहीही पुसलं नाही, त्या ताईला काही उत्तरही पाठवलं नाही. ह्यांनी सगळ्या मेसेजचे फोटो काढून ठेवले आणि सकाळी दुकान बंद ठेवून आम्ही पोलिसांकडे गेलो. तिथल्या बाईंनी लेकीला इतकं हळुवार विचारलं, की त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पुढे तपासात कळलं, ती ताई नव्हतीच. कुठलातरी बाप्या होता, ग्रुपची लिंक मिळवून आत शिरलेला.

पोलिसांकडून आम्ही तडक मंडळ चालवणाऱ्या बाईंकडे गेलो. त्या आधी म्हणाल्या, "अहो, किती भाविक मुलगी ती, तुमची काहीतरी चूक होतेय." आदल्या संध्याकाळी गिळलेला राग मी तिथे व्याजासकट काढला. पण बाई भल्या. त्यांनी त्याच दुपारी ग्रुप बंद केला, सगळ्या आईबापांना बोलावलं आणि बोलायला मलाच उभं केलं. आणखी दोन घरच्या मुली त्यानंतर आपापल्या आयांशी बोलल्या.

मी काय बोलणार, माझी अक्कल इस्त्रीपुरती. म्हटलं, कुलपं लावा, देवाच्या नावाच्या ग्रुपलाही लावा. आत कोण कोण आहे, ते एकदा बसून बघा. आणि मुलांना सांगून ठेवा, घरी सांगू नकोस असं जो म्हणतो तो देवाचा माणूस नाही, मग तो रोज कितीही प्रार्थना पाठवो. मग नानांचा नियम सांगितला. एक गृहस्थ म्हणाले, "रागवायचंच नाही? मग शिस्त कशी लागायची?"

"अहो, तेवढी वेळ सोडून सगळा दिवस पडलाय की रागवायला," मी म्हटलं.

लेक आता पुन्हा बोलते. काल प्रार्थनेत म्हणाली, "देवा, आई आज फारच ओरडली, आणि चूक तिचीच होती. तिला जरा सुबुद्धी दे." हे मान खाली घालून हसू दाबत होते. चूक माझी मुळीच नव्हती, ते मी कुणालाही पटवून देईन. पण माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच मागितलं, "देवा, हिचं तोंड असंच उघडं राहू दे, माझ्याविरुद्ध का असेना."