उशिरेकाका वेळेवर

“अहो, सोडा ना ब्रेक! मोकळा आहे रस्ता!” कंडक्टर मागून ओरडला.

रस्ता मोकळा आहे हे उशिरेकाकांना दिसत होतं. पाय मात्र ऐकत नव्हता. समोर ताज्या लाल रंगाची पट्टी थेट चौकापर्यंत पसरली होती, तिच्यावर चिटपाखरूही नव्हतं, आणि उजवा पाय आपला ब्रेकवरच. तीस वर्षं याच रस्त्यावर बस चालवलेला पाय तो. समोर जागा दिसली की आता कुणीतरी आत घुसणार, हे त्याला डोक्याच्या आधी कळायचं.

“कुणी घुसणार नाही, काका,” पहिल्या सीटवरून इंजिनिअर मॅडम म्हणाल्या. त्यांनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी गच्च धरली होती. “मध्ये टायर लावलेत ना आपण.”

काकांनी पाय उचलला. बस सुटली.

उजवीकडे मोटारी नेहमीसारख्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. त्यांच्या शेजारून बस अशी निघाली, की खिडकीतल्या माणसांना आधी खरंच वाटेना. मग कुणीतरी शिट्टी मारली. मागच्या सीटवरच्या आजींनी खिडकीतून एका चकचकीत मोटारवाल्याला चक्क हात हलवून टाटा केला.

“आजी, तो ओळखीचा?” कंडक्टरनं विचारलं.

“छे रे! पण रोज तो मला मागं टाकून जातो.”

बसमध्ये हशा पिकला. काकाही हसले. याआधी आपण कधी एवढ्या मोठ्यानं हसलो, हे त्यांना आठवेना.

उशिरे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. रोज थांब्यावर उशिरा येणारी बस चालवतात म्हणून कॉलेजच्या पोरींनी कधीतरी ठेवलेलं नाव. ते पुढं डेपोत गेलं, तिथून गल्लीत आणि शेवटी घरातही. दोष रस्त्याचा होता. पण रस्त्याला कोण शिव्या देणार? शिव्या ड्रायव्हरला. काका त्या गिळायचे आणि पुढच्या थांब्यावर नव्या खायला जायचे.

मग या मॅडम आल्या. काचेचे थांबे, उंच उचललेला सायकलमार्ग, मधोमध झाडं, असा रस्त्याचा झोकदार आराखडा त्यांनी केला होता. महापालिकेनं तो वाचला, वाखाणला आणि सांगितलं, की तिजोरीत खडखडाट आहे, यातला एक तुकडा होईल तेवढा करा. मॅडम म्हणाल्या, तुकडा नको. अर्ध्या नदीवर पूल बांधून काय करायचं? रंग द्या, सगळा रस्ता आम्ही रंगानं करतो. बससाठी लाल पट्टी आणि फुटपाथच्या कडेनं सायकलींसाठी हिरवी. मोटारी आणि लाल पट्टीच्या मध्ये दगडी कठड्याला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी बसडेपोत पडलेले झिजलेले टायर उचलले, माती भरली, पांढरे रंगवले आणि ओळीनं मांडले. त्यातले काही काकांच्याच गाडीचे होते. “जन्मभर रस्ता झिजवला, आता बसून राखण करा म्हणावं,” असं काका टायर नेताना म्हणाले होते.

महिनाभर बघू, नाहीतर पुसून टाकू, असा वरचा हुकूम होता. “आणि पट्ट्यांबरोबर मलाही पुसतील,” मॅडम म्हणाल्या होत्या. “बदली ठरलेलीच आहे.” आज पहिली फेरी होती.

डावीकडून घंटी वाजली. हिरव्या पट्टीवरून एक नर्स सायकल दामटत होती. तिनं बसकडे बघितलं, मान खाली घातली आणि पायडल मारू लागली. खिडकीतली मंडळी तिच्या बाजूनं ओरडायला लागली. “हाण! हाण!” आपल्याच बसनं हरावं म्हणून लोक जीव तोडून ओरडतायत, हे काकांना फार आवडलं.

तेवढ्यात त्यांना टेम्पो दिसला.

तो लाल पट्टीत आडवा उभा होता. त्याच्या मागं अर्धवट बाहेर आलेलं एक लाकडी कपाट होतं. आणि कपाटापुढं, भर पट्टीत, खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता.

“गेलं,” मॅडम पुटपुटल्या. “झालं सुरू.”

काकांनी ब्रेक दाबला. खुर्चीवर त्यांचा दादा होता.

वडील गेले तेव्हा दादानं शाळा सोडून रंधा हातात घेतला होता. फर्निचरचं दुकान त्यानं उभं केलं, धाकट्याला शिकवलं, लायसन्स काढून दिलं, नोकरीला चिकटवलं. आता पट्टीमुळं दुकानांसमोर गाड्या लावायची सोय गेली म्हणून सगळे दुकानदार पेटले होते, आणि त्यांचा म्होरक्या दादाच होता. रविवारी जेवताना त्यानं सरळ सांगितलं होतं, “पहिल्या फेरीच्या दिवशी तू रजा टाक.”

“नाही टाकणार, दादा.”

“माझ्या दारावरून तू ती गाडी नेणार?”

“नेणार.”

दादा भरल्या ताटावरून उठून गेला होता. वहिनी ताटाकडे बघत बसल्या होत्या.

काका बसमधून उतरले. चार पावलं चालून खुर्चीपुढं उभे राहिले. फुटपाथवर शेजारचे दुकानदार हाताची घडी घालून मजा बघत होते.

“दादा, ऊठ.”

“नाही उठणार. आंदोलन आहे,” दादा मोठ्यानं म्हणाला.

“माणसं कुठंयत तुझी? कपाट अर्धं लटकतंय.”

“कुठली माणसं?”

“दुकानातली.”

दादानं इकडंतिकडं पाहिलं. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. “गेली ती. केव्हाच गेली. बसवून पगार कुठवर देणार? हा टेम्पोवाला म्हणतो, मी हमाल नाही. एकटाच उचलायला गेलो तर गुडघा सटकला.” त्यानं खुर्चीचा हात धरला. “उठवत नाही रे मला. सगळे बघायला लागले, म्हणून म्हटलं, आंदोलन.”

काकांनी दादाच्या गुडघ्याकडे पाहिलं. ही खुर्ची, हा टेम्पो बघून त्यांनी मनात काय काय बोलून घेतलं होतं! मागं बसचा हॉर्न वाजला; कंडक्टरला दम धरवत नव्हता. नर्सही सायकलवरून उतरून उभी होती.

काका वळले आणि हात वर करून ओरडले, “ऐका हो! मालकांचं आंदोलन आहे! मागणी एकच! कपाट सुखरूप दुकानात गेल्याशिवाय रस्ता मोकळा होणार नाही!”

मग आजी खिडकीतून म्हणाल्या, “मग बघत काय बसलात मेल्यांनो, उतरा की!”

बस भडाभडा रिकामी झाली. कंडक्टरनं बाही सरसावली, कॉलेजच्या पोरींनी दप्तरं टाकली. मॅडमनी पर्स नर्सच्या हातात दिली आणि कपाटाला खांदा लावला. हाताची घडी घातलेले दोन दुकानदारही, काय करणार, पुढं झाले. कपाट उचललं गेलं तसा दादाला कंठ फुटला.

“अरे, आडवं नाही, उभं! उभं धरा! ए बाळ, कोपरा सांभाळ, पॉलिश आहे त्याला! उंबरा, उंबरा!”

खुर्चीत बसल्या बसल्या तो हुकूम सोडत होता, आणि सगळी बस ते झेलत होती. कपाट आत गेलं. टेम्पोवाल्यानं मान खाली घालून टेम्पो गल्लीत घेतला.

आता खुर्ची राहिली. काकांनी हात पुढं केला. “मालक, मागणी मान्य. हात मिळवा.”

दादानं हात हातात दिला. काकांनी तो असा खेचला, की बघणाऱ्याला वाटावं दोघं जोरात हात मिळवतायत. दादा उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानं मान डोलावून त्या स्वीकारल्या आणि एका हातानं खुर्ची ओढत, एकेक पाऊल टाकत दुकानात गेला. काका तो आत जाईपर्यंत थांबले.

मग मात्र बस उधळली. चौक, शाळा, बाजार. शेवटच्या थांब्यावर डेपोचा टाइमकीपर बाहेर आला, त्यानं बसकडे बघितलं, मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं.

“चालू आहे ते,” काका वरूनच म्हणाले.

“वेळेवर!” मॅडम फोनवर किंचाळत होत्या. “हो, वेळेवर! आंदोलनासकट! अहो, आंदोलनात मी स्वतः होते, सर!” बोलता बोलता त्या एका पांढऱ्या टायरवर बसल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. कंडक्टरनं त्यांना पाण्याची बाटली दिली आणि तोंड फिरवून उभा राहिला.

परतीची फेरी दुपारची. दादाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या थांब्यावर, काकांना तो लांबूनच दिसला. धुतलेला शर्ट, हातात काठी. त्यानं अनोळखी माणसासारखा हात वर केला.

काकांनी बस पायरी अगदी फुटपाथला लागेल अशी उभी केली. दादा कठडा धरून चढला आणि पहिल्या सीटवर बसला.

“कुठं?” कंडक्टरनं विचारलं.

“दवाखान्याला जाऊन येतो. गुडघा दाखवतो. रिक्षात तासभर अडकून बसायचं म्हणून राहिलं होतं.”

“राहू द्या, मालक, तुम्ही घरचे.”

“तिकीट फाड,” दादा म्हणाला.

तिकीट घेऊन तो खिडकीकडे वळला. रस्त्यापलीकडे त्याचं दुकान होतं. शटर अर्ध्यावर ओढलेलं, पाटीवरचा रंग उडालेला, आत अंधारात सकाळचं कपाट. दोन्ही बाजूंच्या उंच दुकानांनी ते चेपून धरल्यासारखं दिसत होतं. जन्मभर त्यानं आत बसून रस्ता पाहिला होता.

“एवढंसंच दिसतं होय रे दुकान, इथून?” तो म्हणाला.

मागून कंडक्टरनं घंटी दिली. काकांनी घड्याळ बघितलं आणि गिअरवरचा हात काढून घेतला.

“जरा लवकर आलोय आपण,” ते म्हणाले. “थांबावं लागेल.”

दादा खिडकीतून बघत राहिला. बस उभी होती.