खालचा दांडा

“चहा दाराबाहेर ठेवलाय. निवला तर माझ्या नावानं शंख करू नका,” काकू म्हणाल्या आणि पत्र्याच्या शेडचं दार त्यांनी मुद्दाम जोरात वाजवलं.

आतला कानशीचा आवाज थांबला. कडी निघाली, दार टीचभर उघडलं, ग्रीसने माखलेला एक हात बाहेर आला, कप घेऊन आत गेला आणि कडी पुन्हा लागली. नवऱ्याचं तोंड काकूंनी सकाळपासून पाहिलं नव्हतं. त्याबद्दल त्यांची फार मोठी तक्रार होती असंही नाही.

शेडमधल्या गृहस्थांना सगळी गल्ली गंजकाका म्हणते. उभं आयुष्य त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात लक्ष घालून मार खायची वेळ आणतात. काकांनी बागेतली जुनी यंत्रं धरली. हाताने ढकलायची गवत कापणारी यंत्रं, फवारणीचे पितळी पंप, कुंपण छाटायच्या दातेरी कात्र्या. लोकांच्या परसात, गोदामात, जिन्याखाली जे गंजत पडलेलं असेल ते काका उचलून आणत, खोलत, घासत आणि पुन्हा चालतं करत. चालायला लागलं की त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की, यंत्राच्या मालकालाच संकोच वाटावा.

त्यांचं एक तत्त्व होतं. यंत्र ज्या दिवशी कारखान्यातून बाहेर पडलं त्या दिवशी जसं होतं, तसंच ते पुन्हा झालं पाहिजे. मधल्या काळात लोकांनी केलेल्या जोडकामाला ते ‘ठिगळं’ म्हणत आणि ठिगळ दिसलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे. एका डॉक्टरीणबाईंनी आपल्या वडिलांचं यंत्र दुरुस्तीला दिलं होतं. त्या वडिलांनी हौसेने दांड्याला सायकलची घंटी बसवली होती. काकांनी यंत्र लखलखीत करून दिलं आणि घंटी वेगळ्या पुडीत बांधून परत केली. बाईंनी पुडी आधी पर्समध्ये ठेवली आणि यंत्राकडे नंतर पाहिलं. काकांना वाटलं, बाईंना कामातलं कळत नाही.

यावेळचं यंत्र मात्र कोणा परक्याचं नव्हतं. ते त्यांच्या सासूबाईंचं, म्हणजे काकूंच्या आईचं होतं आणि म्हणूनच कडी लागली होती.

सासूबाई एका मोठ्या इस्पितळाच्या बागेत माळीणकाम करत. इस्पितळापुढचं हिरवळीचं मैदान त्यांनी आयुष्यभर हाताने ढकलायच्या यंत्राने राखलं. जमिनीवर घट्ट पाय रोवून जगलेल्या त्या बाईला लिफ्टचं काम करणारा जावई मिळाला, हे त्यांना कधी पुरतं पटलं नाही. “माझा जावई हवेत लोंबकळून पोट भरतो,” असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि जावयासमोरच सांगत. काकांनी लावलेली कुंडी बघून “हिला पाणी घालता की शिक्षा करता?” असं विचारत. दोघांचं चांगलं जमत होतं, फक्त ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सासूबाई लेकीकडे राहायला आल्या. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. त्या पलंगापासून खुर्चीपर्यंत जात आणि खुर्चीत बसून राहत. काकू विनवण्या करून थकल्या. सासूबाईंचं म्हणणं एकच होतं, की माणसाने चालायचं तर कुठेतरी जायला चालावं. उगाच भिंतीपर्यंत जाऊन भिंतीला शिवून काय यायचं? हळूहळू त्या बोलायच्याही कमी झाल्या. काकांनी अंगणातलं एक रोपटं मुद्दाम उन्हात वाळू दिलं आणि ते त्यांना खिडकीतून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “असू दे. तुम्हाला ठीक वाटतं ना?”

सासूबाई टोमणे मारेनाशा झाल्या तेव्हा काका खरे घाबरले.

त्यांचे तपासणीचे कागद आणायला काका इस्पितळात गेले होते तेव्हा धोबीखान्यामागे हे यंत्र दिसलं. फुटक्या बादल्यांच्या ढिगाखाली, पार गंजून लाल झालेलं. हल्लीचा माळी मोटारीच्या यंत्रावर बसून, कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवून गवत कापत होता. त्याने यंत्र थांबवून सांगितलं, की ते जुन्या माळीणबाईंचं आहे आणि काका घेऊन जात असतील तर तेवढीच जागा होईल. काकांनी ते एखादं झोपलेलं मूल उचलावं तसं उचललं, टेम्पोत घातलं आणि मायलेकींपैकी कोणाला सुगावा लागू न देता शेडमध्ये आणून कुलूपबंद केलं. यंत्र बघून तरी सासूबाई अंगणात उतरतील, एवढीच त्यांची आशा होती. आणि खरं सांगायचं तर, एकदा तरी त्या बाईंच्या तोंडून “चांगलं केलंत” ऐकावं, ही दुसरी आशा तिच्या मागे लपून बसली होती.

मग काकांनी स्वतःला झोकून दिलं. बोल्ट रॉकेलात भिजत घातले. पात्यांचा पिंजरा सोडवायला त्यांच्या नाकी नऊ आले. चाकांतल्या बेअरिंगचा भुगा झाला होता, ती भंगारबाजार पालथा घालून जुळवून आणली. यंत्राच्या अंगावर सगळ्यात मोठं ठिगळ होतं ते दांड्याच्या खाली. मुख्य दांड्याच्या बरंच खाली, दोन्ही नळ्यांच्या मधोमध, कोणीतरी एक लोखंडी सळई आडवी वेल्डिंग करून बसवली होती. वेल्डिंग कसलं, मेणबत्ती गळावी तसे लोखंडाचे गोळे. सळईवर कुजकी चिंधी आणि तिच्यावर तार. काकांनी चिंधी चिमटीत धरून कचऱ्यात टाकली, सळई कापून काढली आणि दोन्ही नळ्या कानशीने अशा घासल्या, की तिथे कधी काही होतं असं शपथेवर सांगूनही कोणाला पटलं नसतं. मग प्रायमर, मग हिरवा रंग, कडेला बारीक पिवळी रेघ. शेवटी पात्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद धरून त्यांनी चाक फिरवलं. कागद कचकन आणि सरळ कापला गेला. काका शेडमध्ये एकटेच हसले.

रविवारी सकाळी त्यांनी सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभं राहून साळसूद चेहरा केला. एक गवत कापायचं यंत्र आलंय, ते कसं धरायचं ते समजत नाही, तुम्ही जरा बघता का, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतका साधा प्रश्न आणि तोही जावयाला पडावा, याचं त्यांना नवल वाटलं असावं. काठी टेकत, कुरकुरत, काकूंचा हात झिडकारत त्या पायऱ्या उतरल्या.

अंगणाच्या गवतावर यंत्र उन्हात चमकत होतं.

“चांगलं दिसतंय,” सासूबाई म्हणाल्या. “नवीन घेतलं कोणी?”

“तुमचंच आहे, आई. धोबीखान्यामागं पडलं होतं.”

काकूंनी तोंडावर हात ठेवला. सासूबाई यंत्राभोवती एक फेरी फिरल्या. काठी न टेकता, हे फक्त काकांच्या ध्यानात आलं. त्यांनी काठी काकूंच्या हातात दिली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि पाऊल पुढे टाकलं. पाती खुळखुळली आणि गवताचा हिरवा भुसा उडाला. त्या आणखी चार पावलं गेल्या. मान किंचित कलती करून त्यांनी आवाज ऐकला.

“पाती छान बोलतात,” त्या म्हणाल्या.

काकांना लिफ्टशिवाय वर गेल्यासारखं झालं. पण ते तरंगत असतानाच सासूबाईंचा डावा हात दांड्यावरून सुटला, खाली गेला आणि रिकाम्या हवेत काहीतरी चाचपू लागला.

“दांडा कुठंय?”

“हा काय, तुम्ही धरलाय तो.”

“हा नव्हे. खालचा.”

“तो होय,” काका उत्साहाने म्हणाले. “तो काढला. कोणा अडाण्यानं ठोकला होता, मूळचा नव्हताच. आता कुठं होता ते ओळखून दाखवा बघू.”

सासूबाईंनी दुसराही हात काढून घेतला. त्या मागे सरल्या आणि पायरीवर जाऊन बसल्या. काकांना तोंडात मारल्यासारखं झालं, पण का ते कळेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं. काकू यंत्राकडे अशा बघत होत्या, जणू फार दिवसांनी भेटलेल्या माणसाचं नाव ओठांवर आलंय आणि आठवत नाहीये.

“तो माझा दांडा होता,” काकू म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. वडील गेले तेव्हा त्या अगदी लहान होत्या. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून आई त्यांना कामावर नेई. पण मोठ्या नर्सबाईंचा हुकूम होता, की पोर हिरवळीवर मोकळं फिरता कामा नये. झाडाला बांधून ठेवायला आईचं मन होईना. शेवटी इस्पितळाच्या बॉयलरवरच्या माणसाने तो दांडा जोडून दिला. वरचा आईचा, खालचा लेकीचा. ऊन चढलं की लोखंड तापायचं, म्हणून आईने त्यावर जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली. आईच्या दोन हातांच्या मधे उभं राहून त्यांनी ते सगळं मैदान कितीदा तरी कापलं. नर्सबाई आली की आई म्हणायची, पोर फिरत नाही हो, कामावर आहे.

“मी शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं, मशीन मीच चालवते,” काकू म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. “आई नुसती मागून येते.”

काकांनी ऐकून घेतलं आणि ते थेट शेडमध्ये गेले. भंगाराचा डबा रिकामा होता. आठवड्याचा माल भंगारवाला घेऊन गेला होता. त्यांनी तशीच स्कूटर काढली. भंगारवाल्याच्या आवारात कुंपणाच्या, खाटांच्या, पाळण्यांच्या सळयांचा डोंगर होता, पण आठवड्याचा माल केव्हाच भट्टीकडे रवाना झाला होता. तरी काका त्या डोंगरावर चढले आणि खूप वेळ शोधत राहिले. भंगारवाल्याने विचारलं, की सळईच हवी तर यातली घ्या ना, या काय वाईट आहेत? काका हात झटकत खाली उतरले. डॉक्टरीणबाईंची पुडी त्यांना वाटेत आठवली आणि कान गरम झाले.

ते परत आले तेव्हा सासूबाई पायरीवरच बसलेल्या होत्या. काकू शेजारी बसून त्यांचा गुडघा चोळत होत्या.

“आई, माझं चुकलं,” काका समोर उभं राहून म्हणाले. “मिळाला नाही तो. मी विचारायला हवं होतं.”

“विचारलं असतंत तर मला कळलं नसतं होय, आत काय चाललंय ते?” सासूबाई म्हणाल्या. आवाजात किती तरी दिवसांनी जुनी धार आली होती. “आता उभे काय राहताय लिफ्ट अडकल्यासारखे? नवा लावा.”

“पण तो खरा नसेल.”

“मग आधीचा कुठं खरा होता? तुम्हीच म्हणालात ना, मूळचा नव्हता म्हणून.”

काकू मधेच म्हणाल्या, की लावायचाच तर जरा माझ्या कमरेशी येईल असा लावा, आता मला वाकवत नाही. सासूबाईंनी लेकीला गप्प केलं. आपल्या कामात मोठ्या बायकांनी लुडबूड करू नये, असं त्यांचं मत पडलं.

काकांनी खिशातून पोलादी टेप काढला. यंत्राच्या बाकी प्रत्येक भागाचं माप त्यांना तोंडपाठ होतं. या एका दांड्याचं माप कुठल्या कारखान्यात मिळालं नसतं, आणि नळ्यांवरची खूण त्यांनी स्वतःच्या हातांनी पुसली होती.

“किती उंचीवर होता?” त्यांनी विचारलं.

सासूबाई उठल्या. काठी पायरीवरच राहिली. यंत्राच्या मागे, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजवा हात पुढे करून खाली नेला. तो थोडा वर आला, पुन्हा खाली गेला, मग थांबला.

“हिचं डोकं इथं यायचं,” त्या म्हणाल्या. “हिचे हात त्याच्या वीतभर खाली.”

काका गुडघ्यांवर बसले. टेपचं एक टोक गवतात रोवून त्यांनी दुसरं वर ओढलं. सासूबाईंचा तळवा सपाट नव्हता. किंचित गोल होता. काकांनी टेप थोडा बाजूने वर नेला, तळव्याखालची जागा मोकळी राहील असा, आणि आकडा वाचला.