तक्रारीआधीचा निवाडा

"ताई, पेपरवर दोघांचं नाव असेल," असं कमलेश माझ्या कात्रपच्या घरात माझ्याच हातचे पोहे खात बोलला होता. म्हणून तर दिलं मी त्याला मोडी कागदांचं सगळं वाचन. नाहीतर जातीच्या दाखल्यांसाठी लोकांना मोडी वाचून देणाऱ्या बाईला अंबरनाथच्या परिसंवादात कोण विचारतंय?

विषय होता साताऱ्याच्या शाहू महाराजांचा दरबार. वांगणीच्या पुतळाबाईंनी भरवशाने मला घरचं जुनं दप्तर दिलं होतं. गावच्या पाण्यावरून साताऱ्याला केलेली तक्रार आणि तिथून आलेला निवाडा, असे सोळा कागद. ते वाचून लावायला मला दोन वर्षं गेली. कमलेश माझ्याकडे मोडी शिकायला आला होता, पंधरा दिवसांत कंटाळला. आता प्राध्यापक आहे.

हॉलमध्ये पत्रिका हातात घेतली, तर नाव एकट्या कमलेशचं. म्हटलं, छापताना राहिलं असेल, बोलताना घेईल. वीस मिनिटं बोलला लेकाचा. "मी वाचलं, मला आढळलं," हेच चाललेलं. वाक्यं सगळी माझी. मला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

मग अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्या तारखांनुसार तक्रार भाद्रपदातली आणि निवाडा त्याच्याही आधीच्या वैशाखातला. महाराजांना आधीच कळलं होतं की काय?" लोक हसले.

त्या कागदांवरचा अरबी सन जूनमध्ये, मृग नक्षत्राला बदलतो. इंग्रजी साल काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत पाचशे नव्याण्णव मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत सहाशे. कच्च्या प्रतीत मी वैशाखालाही पाचशे नव्याण्णवच मिळवले होते, म्हणून निवाडा वर्षभर मागे गेला. चूक कळल्यावर कमलेशला व्हॉट्सअ‍ॅप केलं. त्याने नुसता अंगठा पाठवला. वाचलं असतं तर ना.

अध्यक्षांसमोर कमलेशने सरळ माझ्याकडे बोट केलं. "सर, वाचन या अंजनीताईंचं आहे. चूक त्यांची आहे."

तेव्हा कुठे माझं नाव आलं. मी उभी राहिले.

"हो, चूक माझी. महिन्यापूर्वी दुरुस्त करून याला कळवली. बाकीचं वाचनही माझंच. पडद्यावर मूळ कागद आहे, कमलेश. पहिली ओळ वाच."

एक अक्षर वाचता आलं नाही त्याला.

"ताई, घरी बोलू," तो हळूच म्हणाला.

"माझ्या घराची पायरी चढू नकोस," मी म्हणाले.