डॉक्टरांच्या टेबलाखालची हार्ड डिस्क

मित्रांनो, मी एक म्हातारी हार्ड डिस्क आहे आणि माझा चटकन कुणावर विश्वास बसत नाही. एका डॉक्टरांच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरमध्ये माझा जन्म गेला. टाइप करायचा त्यांना भारी कंटाळा. पेशंट बाहेर पडला की ते त्याची हकिगत माझ्यात बोलून ठेवत. घरच्यांना चोरून कोण पितं, कुणाला मूल नको होतं, सगळं माझ्या चकत्यांवर आहे. "हिच्यामुळे माझं चालतं," असं ते कौतुकाने म्हणत.

डॉक्टर गेले. पेशंटांनी आपापले कागद नेले, दवाखान्याला कुलूप लागलं, माझ्यावर धूळ बसली. आज त्यांची मुलगी आणि तिचा मामा कॉम्प्युटर देऊन टाकायला आले. न्यायला आलेला दुरुस्तीवाला दारातूनच म्हणाला, "पुसायची तसदी घेऊ नका, मी बघतो." सांगितलं नसताना एवढी कळकळ? मला तेव्हाच शंका आली. मुलीलाही आली असावी. तिने त्याला उद्या यायला सांगितलं.

"अगं, मी सगळं डिलीट केलंय," मामा म्हणाला. "काय राहिलंय आता त्यात?"

मित्रांनो, डिलीट केल्याने अनुक्रमणिकेतलं नाव तेवढं खोडलं जातं. पानं तशीच असतात.

मुलीने डिलीट केलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम लावला. हिला तरी कशाला हव्यात त्या? मी तिच्यावरही नजर ठेवली. पडद्यावर नावं येऊ लागली. पहिलंच नाव मामाचं.

"उघडू नकोस हां!" मामा ताडकन उठला.

"नाही उघडत. म्हणून तर पुसायचंय. सगळ्यावर नुसती शून्यं लिहून."

मामा खाली बसला. मग म्हणाला, "भावोजींचा आवाज दुसरीकडे कुठे आहे गं? एखादी तरी ठेव."

"प्रत्येकीत कुणाचं तरी दुखणं आहे, मामा. तुझी ठेवू?"

मला वाटलं, ही एखादी चोरून ऐकेल. तिने ऐकली नाही. बटण दाबलं.

मित्रांनो, आम्हाला दुसऱ्याच्या हाती देताना असं पुरतं कोरं करा. आमच्यात तुमच्या एकट्याचं काही नसतं.

अर्धीअधिक कोरी झालेय मी. मामा केव्हाच घरी गेला. ती मात्र समोरून हललेली नाही. मी काही दडवून ठेवीन म्हणून बसलीय, की वडिलांना एकटं सोडवत नाही म्हणून, कुणास ठाऊक.